जुन्या घरातील वीज : काही अनुभव, काही माहिती

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या वर्षी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा बँकेच्या ठेवी, गृहकर्ज किंवा विमा यांपैकी एखाद्या विषयावर मी लिहावे अशी त्यांची अपेक्षा असावी. बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाकडून तशी अपेक्षा करणे साहजिकच आहे. परंतु मी मुद्दाम वेगळा विषय घेतला आहे. मी इंजिनिअर नाही. मराठी आणि इतिहास हे विषय घेऊन बी.ए. झालेला माणूस आहे. शाळेत विज्ञानाच्या पेपरात कसाबसा काठावर पास होत असे. पुढे जे लिहिले आहे ते पुस्तकी आवडीतून आलेले नाही, आमच्या घरावर प्रसंग ओढवला म्हणून शिकावे लागले आहे. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे अजून चाळीत, जुन्या कॉलनीत किंवा गावाकडे वडिलांनी बांधलेल्या घरात राहतात. त्यांना याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

प्रसंग २०१९ च्या पावसाळ्यातला आहे. आमची खोली चाळीत, तळमजल्यावर. मोरी आणि फ्रिज यांच्यात जेमतेम तीन फुटांचे अंतर. त्याआधी साधारण वर्षभर आई म्हणत असे, "फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात रे." आम्ही कोणी फारसे मनावर घेतले नाही. तिनेच आपला उपाय शोधला होता. जेवायला बसायचा लाकडी पाट ती फ्रिजपुढे टाकायची आणि त्यावर उभी राहून दार उघडायची. आम्ही तिला हसत असू. आता सांगायला लाज वाटते, पण घरातल्या चार शिकलेल्या माणसांपेक्षा त्या चौथी पास बाईला वीज जास्त कळत होती.

एके दिवशी माझी पुतणी, नऊ वर्षांची, मोरीतून ओल्या पायांनी आली आणि पाटाकडे लक्ष न देता तिने फ्रिजचे हँडल धरले. हात सुटेना. ओरडताही येईना. आईने तोच पाट उचलला आणि त्याने तिचा हात जोरात बाजूला ढकलला. पोर खाली पडली, कपाळाला खोक पडली, पण वाचली. डॉक्टरांनी तिला एक रात्र देखरेखीखाली ठेवले, हृदयाचा आलेख काढला आणि सकाळी घरी पाठवले.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांना बोलावले. तात्या म्हणजे आमच्या चाळीतले जुने वायरमन. गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात त्यांची हयात गेली. मला वाटले ते फ्रिज उघडून बघतील. त्यांनी आधी विचारले, "वहिनी, नळाचे पाईप कधी बदलले?" आई म्हणाली, गेल्या वर्षी. तात्यांनी मान हलवली. "मग झिणझिण्या तेव्हापासूनच येत असतील." आणि खरोखरच तसे होते. आम्ही कोणी या दोन गोष्टींचा संबंधच लावला नव्हता.

हा संबंध समजून घेणे फार महत्त्वाचे आहे, कारण शेकडो जुन्या घरांत हेच झालेले असणार. तीन पिनांच्या प्लगमध्ये दोन पिना वीज आणण्या-नेण्यासाठी असतात. एक फेज, दुसरी न्यूट्रल. तिसरी जाड आणि थोडी लांब पिन अर्थिंगची. ती लांब अशासाठी केलेली असते की प्लग लावताना तिचा संबंध सर्वांत आधी जुळावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा. फ्रिज, इस्त्री, गीझर यांचा लोखंडी सांगाडा या पिनेला जोडलेला असतो. आतली एखादी वायर खराब होऊन तिचा सांगाड्याला स्पर्श झाला, तर वीज अर्थिंगच्या हिरव्या वायरमधून जमिनीत निघून जावी, माणसाच्या अंगातून जाऊ नये, अशी ती योजना. अर्थिंग चांगले असेल तर अशा वेळी मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो.

आता जुन्या चाळींत ही हिरवी वायर शेवटी कुठे जात होती? अनेक ठिकाणी ती नळाच्या लोखंडी पाईपला गुंडाळलेली असे. पाईप जमिनीत गेलेला, म्हणून तेच अर्थिंग. बरोबर की चूक हा भाग वेगळा, पण काम भागत होते. पुढे पाईप गंजले. प्लंबर आला, त्याने प्लास्टिकचे पाईप घातले. पाण्याचा प्रश्न सुटला, सगळ्यांनी त्याचे आभार मानले आणि त्याच दिवशी त्या घराचे अर्थिंग तुटले. प्लास्टिकमधून वीज जात नाही. प्लंबरला वायरिंगशी देणेघेणे नाही, वायरमनला पाईप बदलल्याचे कोणी सांगत नाही. आमच्या फ्रिजमध्ये दोष आधीपासून थोडा असेलही, पण तो जमिनीत जिरत होता. पाईप बदलल्यावर तो आईच्या हाताला जाणवू लागला.

वाचकांना माझी पहिली विनंती हीच आहे. आपल्या घरातले किंवा इमारतीतले पाणी-पाईप गेल्या काही वर्षांत बदलले असतील, तर अर्थिंगची वायर कुठे जाते ते वायरमनकडून तपासून घ्या. पाईपला अर्थिंग जोडणे मुळातच चूक आहे. एका खोलीतला दोष त्या पाईपमधून शेजाऱ्याच्या नळाला येऊ शकतो. जमिनीत पाईप किंवा पत्रा पुरून इमारतीसाठी स्वतंत्र अर्थिंग करावे लागते आणि ते सर्वांनी मिळून करायचे काम आहे.

येथे एका घातक युक्तीबद्दल सांगितलेच पाहिजे. अर्थिंग मिळत नसेल तर काही वायरमन सॉकेटच्या आतच अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून देतात. झिणझिण्या बंद होतात, गिऱ्हाईक खूश. परंतु पुढेमागे न्यूट्रलची वायर कुठे तुटली, सैल झाली, तर यंत्र बंद पडते आणि त्याच्या लोखंडी सांगाड्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. "बंद पडलेय वाटते" म्हणून माणूस नेमका त्यालाच हात लावतो. आमच्या चाळीतल्या तीन घरांत तात्यांना अशी जोडणी सापडली.

दुसरी गोष्ट फ्यूजची. "आमच्याकडे फ्यूज आहे, एमसीबी आहे, शॉक लागला तर आपोआप बंद होईल," असे लोक ठामपणे सांगतात. मीही सांगत असे. हे खरे नाही. फ्यूज आणि एमसीबी हे वायरचे रक्षण करतात, माणसाचे नाही. थोडा हिशेब पाहू. ९ वॅटच्या साध्या एलईडी दिव्याला सुमारे ४० मिलिअँपिअर वीज लागते. तेवढा प्रवाह छातीतून काही क्षण गेला तर माणसाचे हृदय बिघडू शकते. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. पुतणीचे तेच झाले. आणि दिव्याच्या सर्किटवरचा लहानात लहान नेहमीचा एमसीबी असतो ६ अँपिअरचा, म्हणजे ६००० मिलिअँपिअरचा. माणूस मरून जाईल, पण एमसीबीच्या दृष्टीने एखादा दिवा लागला एवढेच घडलेले असते.

माणसासाठी निराळे उपकरण असते, त्याला आरसीसीबी म्हणतात. जुने लोक ईएलसीबी म्हणतात. त्याचे काम मला एका क्षणात समजले, कारण ते आमच्या बँकेतल्या रोखपालाचे काम आहे. सकाळी किती रक्कम काउंटरवर आली, संध्याकाळी किती परत गेली, दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. आरसीसीबी फेजमधून गेलेली वीज आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज सतत ताडून पाहते. जेवढी गेली तेवढी परत आली नाही, याचा अर्थ ती वाटेत कुठेतरी गळते आहे, कदाचित एखाद्याच्या अंगातून जमिनीत जाते आहे. घरांसाठीच्या आरसीसीबीत ३० मिलिअँपिअरच्या आत फरक दिसला की सेकंदाच्या अंशात पुरवठा तुटतो. आमच्या बँकेत दहा रुपयांचा फरक आला तरी रात्री आठपर्यंत बसवतात, तसाच हा कडक हिशेब.

मात्र तिच्या मर्यादाही माहीत असाव्यात. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली तर हिशेब जुळतो आणि आरसीसीबी गप्प राहते. जास्त लोड झाला तरी साधी आरसीसीबी तुटत नाही, म्हणून तिच्याबरोबर एमसीबी हवाच. अर्थिंग नसले तरी ती काम करते, पण मग ती माणसाला झटका बसू लागल्यावर तुटते. अर्थिंग असेल तर दोष निर्माण होताक्षणीच तुटते, माणसाचा हात लागण्याची वाट पाहत नाही. तिच्यावर टेस्टचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे. दाबल्यावर वीज गेली नाही तर ती बदलून घ्यावी. माझ्या ओळखीच्या एका नव्या फ्लॅटमध्ये ते बटण आठ वर्षांत कोणी दाबलेले नव्हते.

जुन्या घरात आरसीसीबी बसवली की ती वारंवार पडते, ही तक्रार नेहमी ऐकू येते. मग कोणीतरी ती काढून थेट जोडणी करून देतो. वास्तविक ती पडते याचा अर्थ घरात कुठेतरी गळती आहे, किंवा एका खोलीची न्यूट्रल दुसऱ्या खोलीच्या न्यूट्रलला मिसळलेली आहे. आमच्याकडे चार दिवस ती पडत होती. तात्यांनी एकेक सर्किट सोडवून पाहिले. बाहेरच्या गॅलरीतल्या दिव्याची वायर ओल्या भिंतीत मुरली होती. ती बदलल्यावर आजतागायत विनाकारण पडलेली नाही.

आता तारांकडे वळू. आमच्या खोलीचे मूळ वायरिंग आजोबांच्या काळचे. भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवर क्लिपांनी वायर बसवलेली, वर रबर आणि कापडाचे आवरण. त्या काळी खोलीत दोन दिवे, एक पंखा आणि एक रेडिओ. सगळे मिळून सव्वादोनशे वॅटही नाहीत, म्हणजे एक अँपिअरच्या आतबाहेर. आज त्याच खोलीत फ्रिज २०० वॅट, इंडक्शन शेगडी २०००, इस्त्री १०००, मिक्सर ७५० आणि एसी १५०० वॅट. सगळे एकदम चालू केले तर जवळजवळ २४ अँपिअर होतात. वायरमधला प्रवाह दुप्पट झाला की तिच्यात तयार होणारी उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून "इतकी वर्षे काही झाले नाही" या बोलण्याला अर्थ नाही. इतकी वर्षे त्या वायरवर हे ओझेच नव्हते.

रबराचे आवरण वयाबरोबर कडक होते आणि बोटाने दाबले तरी पापडासारखे तुटते. नंतरच्या काळात पुष्कळ घरांत ॲल्युमिनियमच्या वायरी वापरल्या गेल्या. तांब्यापेक्षा स्वस्त पडत. ॲल्युमिनियम मऊ असते, स्क्रूखाली हळूहळू दबत जाते, त्याच्यावर थर धरतो, जोड सैल होतो आणि सैल जोड तापतो. घराच्या आगी बहुतेक वेळा वायरच्या मध्यावर लागत नाहीत, जोडावर लागतात. बोर्डावर काळपट डाग, स्विच दाबताना चरचर आवाज, दिवा लुकलुकणे, जळक्या प्लास्टिकचा किंवा माशासारखा वास, प्लग काढल्यावर तो गरम लागणे, ही सर्व त्याची लक्षणे आहेत. यांतले एकही दिसले तर त्या सॉकेटचा वापर त्याच दिवशी थांबवावा.

किटकॅट फ्यूजबद्दल थोडे. चिनी मातीचा तो पांढरा फ्यूज वाईट नाही, आपण त्याचा वाईट उपयोग करतो. पाच अँपिअरची फ्यूजची तार साधारण ०.२ मिलिमीटर जाडीची, दोऱ्यासारखी बारीक असते. ती उडाली की आपण वायरमधले तांब्याचे चार पदर पिळून घालतो. मग फ्यूज कधीच उडत नाही आणि त्याच्याऐवजी भिंतीतली वायर जळते. एमसीबीच्या बाबतीतही हीच चूक आता नव्या रूपात होते. एसी लावला की एमसीबी पडतो, म्हणून १० चा काढून ३२ चा बसवतात. एमसीबी यंत्राच्या मापाने नव्हे, वायरच्या मापाने निवडायचा असतो. दिवे-पंख्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ६ किंवा १० चा एमसीबी, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीचची वायर आणि १६ चा एमसीबी, एसी किंवा गीझरला चारची स्वतंत्र वायर आणि २० चा एमसीबी, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. अंतर आणि वायर बसवण्याची पद्धत पाहून वायरमन त्यात बदल करील.

आणखी एक जुना दोष. अनेक जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर फ्यूज असतात. न्यूट्रलचा उडाला तर सगळे दिवे जातात, पण बोर्डात वीज जिवंत असते. तसेच काही ठिकाणी स्विच चुकून न्यूट्रलवर जोडलेला असतो. बटण बंद केल्यावर दिवा विझतो, होल्डरमध्ये मात्र फेज तशीच. स्टुलावर चढून दिवा बदलणारा माणूस येथेच फसतो. दिवा बदलताना नुसते बटण नव्हे, मेन स्विच बंद करावा.

पुनर्विकासाचा प्रश्न यात आडवा येतो. "इमारत पडणारच आहे, आता वायरिंगवर पैसे कशाला घालायचे?" असे जवळजवळ प्रत्येक चाळीत ऐकू येते. यावर मी एकच उदाहरण देतो. बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. त्यांच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले आणि वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये आल्या. मधली आठ वर्षे लोक जुन्याच तारांवर शेगड्या, एसी आणि आता विजेवरच्या स्कूटरही चालवत होते. आठ वर्षे ही थोडी नव्हेत. आणि खर्च वाया जातो हेही पूर्ण खरे नाही. भिंत न फोडता प्लास्टिकच्या पट्टीतून वायरिंग करता येते. आरसीसीबी, एमसीबी, त्यांची पेटी हे सर्व नव्या घरी नेता येते. संपूर्ण वायरिंग परवडत नसेल तर क्रम असा ठेवावा असे माझे मत आहे: आधी अर्थिंग आणि आरसीसीबी, मग स्वयंपाकघर व मोरीजवळची सर्किट्स, मग एसी-गीझरसाठी स्वतंत्र वायर, आणि शेवटी दिवे-पंखे. रंगकाम, नवे स्विच, झुंबर यांना त्यानंतर हात घालावा. आपल्याकडे बहुधा उलटे होते.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. मंजूर भार वाढवून घ्यायचा असेल तर वीज कंपनी त्याचा चाचणी अहवाल मागतेच. काम झाल्यावर मेगर लावून इन्सुलेशन तपासायला सांगावे. ५०० व्होल्टवर ते एक मेगओहमपेक्षा कमी भरू नये. हा आकडा वायरमनसमोर नुसता उच्चारला तरी काम नीट होते, असा माझा अनुभव आहे.

एक जुनी आठवण लिहावी की नाही, याचा मी बराच विचार केला. १९९८ साली मी कॉलेजात होतो. आमच्या मागच्या चाळीतल्या एक काकू पावसाळ्यात गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. कपड्यांसाठी लोखंडी तार बांधलेली होती. तीच तार दिव्याच्या वायरला घासत घासत तिचे आवरण निघाले होते. ओले लुगडे तारेवर टाकले आणि त्या गेल्या. त्यांना सोडवायला धावलेल्या मुलाचा हातही भाजला. महाराष्ट्रात दर पावसाळ्यात अशी बातमी वर्तमानपत्रात कुठे ना कुठे येते. कपड्यांसाठी लोखंडी तार बांधू नका, नायलॉनची दोरी बांधा. तिला खर्च जवळजवळ नाही. वीस फूट दोरी लागते.

शॉक लागलेल्या माणसाला आधी हात लावू नये. मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरडा लाकडी पाट, काठी किंवा प्लास्टिकची खुर्ची यांनी त्याला बाजूला करावे. श्वास नसेल तर १०८ ला फोन लावून लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी दाब द्यावा, मोठ्या माणसाला सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. जमिनीत पुरण्याचा किंवा माती चोळण्याचा प्रकार अजून काही ठिकाणी करतात, त्यात फक्त वेळ जातो. माणूस शुद्धीवर असला, चालत-बोलत असला तरी डॉक्टरांना दाखवावे. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये.

शेवटी आपल्या कार्यक्रमांविषयी. १४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला वस्तीत रोषणाई होते, मंडप पडतो, कमानी उभ्या राहतात. त्यासाठी वीज कंपनीकडून तात्पुरती जोडणी मिळते, ती घ्यावी. खांबावर आकडा टाकू नये आणि एखाद्याच्या घरातून दोन पिनांवर वीज ओढू नये. लोखंडी कमानीला आणि मंडपाच्या पाईपांना अर्थिंग करावे, तात्पुरत्या बोर्डावरही आरसीसीबी असावी, जमिनीवरून जाणाऱ्या वायरीत जोड नसावा. संस्थेच्या सभागृहाखालच्या मीटर खोलीत सध्या जुन्या सतरंज्या, बॅनर आणि मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या आहेत. त्या येत्या रविवारी हलवायच्या आहेत. सकाळी नऊ वाजता पाच-सहा तरुण मिळाले तर अकराच्या आत काम होईल. तात्याही येणार आहेत.